केमोथेरपी चालू असताना त्वचेवर उठणारे विषाणूजन्य आजार : ओळखीचा रोग अनोळखी का दिसतो

केमोथेरपीचे बरेचसे डोस २१ दिवसांच्या अंतराने दिले जातात. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मराठवाड्याच्या वेशीवर असलेल्या बार्शीच्या नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालयात सलाइनमधून औषध घेऊन रुग्ण एसटीने हिंगोली, कळंब किंवा गेवराईकडच्या आपल्या गावी परततो आणि पुढचे तीन आठवडे घरीच काढतो. औषधाचा रक्तावर होणारा परिणाम मात्र याच काळात सर्वांत तीव्र असतो. साधारणतः सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यामुळे अंगावर काही उठलेच तर ते बहुधा कर्करोगतज्ज्ञाच्या माघारी उठते, आणि पहिल्यांदा ते पाहतात ती घरची माणसे, मेडिकलवाला आणि गावातले डॉक्टर. नागीण, कांजिण्या, चामखीळ हे आजार या सगळ्यांच्या चांगल्या परिचयाचे असतात. अडचण एवढीच की केमो घेणाऱ्या प्रौढ माणसाच्या अंगावर हे आजार आपल्या नेहमीच्या रूपात येतीलच असे नाही.

याचे कारण समजून घेतले की पुढच्या पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात. विषाणूमुळे त्वचेवर जे दिसते, ते सगळे विषाणूने केलेले नसते. लाली, सूज, आग होणे, ठरावीक दिवसांनी खपली धरणे आणि शेवटी डाग ठेवून बरे होणे, यांतला मोठा वाटा आपल्या शरीराने केलेल्या प्रतिकाराचा असतो. आपण ज्याला रोगाचे चित्र म्हणून ओळखतो ते विषाणू आणि शरीर या दोघांनी मिळून काढलेले असते. त्यातल्या एकाचा हात केमोने बांधून ठेवला की चित्र बदलते. कुठे ते अवाढव्य होते, कुठे महिनोन्‌महिने तसेच राहते, कुठे सर्वांगावर पसरते, तर कुठे आजार आत बळावत असूनही त्वचा कोरी राहते.

पांढऱ्या पेशी कमी झाल्या असे आपण सरसकट म्हणतो, परंतु त्या पेशींत कामाची विभागणी आहे. न्यूट्रोफिल या पेशी मुख्यतः जिवाणू आणि बुरशी यांच्याशी लढतात. त्या कमी असताना ताप येणे ही तातडीची बाब का मानली जाते, हे केमो घेणाऱ्या बहुतेक कुटुंबांना डॉक्टरांनी सांगितलेले असते. विषाणूंना आवरण्याचे काम प्रामुख्याने लिम्फोसाइट पेशींचे, त्यांतही टी-पेशींचे. न्यूट्रोफिल दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत होतात, पण टी-पेशींना सावरायला काही औषधांनंतर कित्येक महिने लागतात. फ्लुडाराबिन आणि बेंडामुस्टिन ही औषधे, तसेच लिम्फोमा (लसीकाग्रंथींचा कर्करोग) व रक्ताच्या काही कर्करोगांत दीर्घकाळ दिली जाणारी प्रेडनिसोलोन किंवा डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडे या पेशींना विशेष मारक ठरतात. मायलोमा या अस्थिमज्जेतल्या कर्करोगात वापरले जाणारे बोर्टेझोमिब नागीण उठवण्याबद्दल इतके परिचित आहे की ते सुरू करतानाच प्रतिबंधक गोळी देण्याचा प्रघात पडला आहे. थोडक्यात, स्तनाच्या किंवा आतड्याच्या गाठीसाठी केमो घेणाऱ्यापेक्षा रक्ताचा कर्करोग, लिम्फोमा किंवा मायलोमा असलेल्या रुग्णाला विषाणूंचा धोका अधिक असतो, आणि रिपोर्टमधला एकूण पेशींचा आकडा समाधानकारक असला तरी तो धोका संपलेला नसतो.

नागीण, पण वेढ्याबाहेरची

केमो घेणाऱ्यांत सर्वाधिक आढळणारा आणि तरीही सर्वाधिक फसवणारा आजार म्हणजे नागीण. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू शरीरातून जात नाही. तो पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींमध्ये दबून राहतो आणि टी-पेशींचा पहारा ढिला पडला की एखाद्या गाठीतून जागा होऊन तिच्या मज्जातंतूच्या वाटेने त्वचेपर्यंत येतो. म्हणूनच नागीण पट्ट्यासारखी, शरीराच्या एकाच बाजूला उठते आणि मध्यरेषेपाशी थांबते. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळून वेढा पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही आपल्याकडची जुनी भीती निरोगी माणसाच्या बाबतीत निराधार आहे, कारण उजव्या बाजूच्या मज्जातंतूतून आलेला विषाणू डावीकडे जाण्याचे कारणच नसते.

केमोच्या रुग्णात मात्र हा नियम मोडतो. कधी शेजारशेजारचे दोन-तीन पट्टे एकदम उठतात, कधी दोन्ही बाजूंना उठतात, कधी फोडांत पाण्याऐवजी रक्त भरते आणि त्वचा काळी पडून मरते. सर्वांत गंभीर प्रकार म्हणजे विषाणू रक्तात उतरून पसरणे. मूळ पट्टा आणि त्याच्या लगतचे पट्टे सोडून अन्यत्र २० पेक्षा अधिक फोड दिसले, तर नागीण पसरली असे डॉक्टर मानतात. मग ते फोड कांजिण्यांसारखे दिसतात आणि घरात ‘लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या आहेत, मग पुन्हा कशा?’ असा गोंधळ उडतो. पसरलेला विषाणू फुप्फुस, यकृत आणि मेंदू यांपर्यंत जाऊ शकतो, आणि धोका असतो तो तिथे. वेढा पूर्ण झाला की नाही हे पाहण्यापेक्षा पट्ट्याच्या बाहेर, पाठीवर, पोटावर, केसांत नवे फोड आले आहेत का, हे रोज उजेडात पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. नागिणीची वेदना फोडांच्या आधी दोन-चार दिवस सुरू होते. बरगडीखाली असह्य दुखू लागले की ॲसिडिटी, मूतखडा, हृदयविकार अशा शंका घेतल्या जातात. प्रतिकारशक्ती फारच खालावलेल्या रुग्णात, विशेषतः मूळपेशी प्रत्यारोपणानंतर, विषाणू आधी पोटातल्या अवयवांना ग्रासतो. पोटात भयंकर दुखते, यकृताच्या चाचण्या बिघडतात आणि त्वचेवरचे फोड कित्येक दिवसांनी उगवतात. त्यामुळे केमो चालू असताना एका बाजूच्या ठरावीक पट्ट्यात आग, मुंग्या किंवा स्पर्श सहन न होणे असे काही सुरू झाले, तर त्वचा स्वच्छ असली तरी ते डॉक्टरांना सांगावे. नाकाच्या शेंड्यावर किंवा कडेला फोड आला तर त्याच मज्जातंतूची शाखा डोळ्यात जात असल्यामुळे डोळ्याच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी तपासणे आवश्यक असते.

फोडांवर गेरू किंवा कुंकवाचा लेप लावणे आणि जाणकाराकडून नागीण ‘उतरवून’ घेणे, ही पद्धत मराठवाड्यात अजूनही पुष्कळ ठिकाणी चालते. निरोगी तरुणाची नागीण दोन-तीन आठवड्यांत आपली आपणच सुकत असल्यामुळे या उपायांना यश आल्यासारखे वाटत राहिले, यात आश्चर्य नाही. केमो घेणाऱ्या माणसाला तो अवधीच उपलब्ध नसतो. औषध फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाले तर त्याचा सर्वाधिक लाभ होतो, आणि लेपाखाली झाकलेल्या फोडांचे स्वरूप डॉक्टरांनाही नीट दिसत नाही. प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत मात्र ७२ तास उलटून गेले म्हणून औषध नाकारायचे नसते. नवे फोड येत असतील तोवर ते द्यावेच लागते.

नागिणीच्या फोडांतील द्रवाच्या संपर्कामुळे, ज्याला पूर्वी कांजिण्या झालेल्या नाहीत त्याला नागीण होत नाही, पण कांजिण्या होऊ शकतात. पसरलेल्या नागिणीत तर विषाणू हवेतूनही जातो, आणि म्हणून रुग्णालयात अशा रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवतात. घरात गरोदर स्त्री किंवा तान्हे मूल असेल, तर फोडांवर खपल्या धरेपर्यंत त्यांना दूर ठेवावे.

याच्या उलट दिशेनेही विचार करावा लागतो. उष्ण प्रदेशांत बालपणी कांजिण्या न होता मोठे झालेल्यांचे प्रमाण थंड देशांपेक्षा जास्त आढळते, त्यामुळे केमो घेणाऱ्या चाळिशीतल्या माणसालाही आयुष्यातल्या पहिल्या कांजिण्या होऊ शकतात आणि त्या फार जड जातात. फोडांत रक्त येते, नवे फोड आठवडाभरानंतरही येत राहतात, फुप्फुसाला सूज येते. नातवाला कांजिण्या आल्या तर पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच तो संसर्ग देत असतो, हे ध्यानात घेऊन आजी-आजोबांपैकी जो केमोवर आहे त्याच्या डॉक्टरांना त्याच दिवशी फोन करावा. संपर्क झाल्यानंतर लवकरात लवकर, आणि फार तर १० दिवसांच्या आत, तयार प्रतिपिंडांचे (अँटिबॉडींचे) इंजेक्शन देता येते; ते मिळाले नाही तर प्रतिबंधक गोळ्यांचा पर्याय असतो. ‘देवी आली’ म्हणून कडुलिंबाचा पाला अंथरण्यात फारसे काही बिघडत नाही. त्या श्रद्धेपायी औषध थांबवण्यात मात्र जिवाला धोका आहे.

न भरणारी जखम, वाढत जाणारा मोड

ओठावर ताप उतरताना येणारे बारीक फोड, म्हणजे साध्या हर्पिसचे फोड, आपण आठवड्याभरात विसरून जातो. केमोत हाच विषाणू फोडाच्या रूपात फार वेळ टिकत नाही. वरची कातडी लगेच जाते आणि मागे राहते ती कडा उचललेली, दुखरी, आठवडेच्या आठवडे न भरणारी जखम. ती ओठावर, तोंडात, जननेंद्रियावर किंवा गुदद्वाराभोवती असते. तोंडातली जखम केमोमुळे तोंड आले आहे असे समजून आणि गुदद्वाराजवळची जखम मूळव्याध किंवा अंथरुणात पडून झालेली जखम समजून महिनाभर मलमे लावली जातात. याबाबतीत संकोच हे उशिराचे मोठे कारण आहे. विशेषतः वयस्कर स्त्रिया अशी जखम सुनेलाही सांगत नाहीत. पाच मिनिटांत घेता येणारा एखादा साधा स्वॅब जे उलगडू शकतो, ते लाजेपायी दडून राहते. कधीकधी याच जखमेवर चामखिळीसारखी जाड वाढ होते आणि ती कर्करोगाचीच नवी गाठ असावी असे वाटू लागते. अशा वेळी तुकड्याच्या तपासणीशिवाय कोणीही ठाम सांगू शकत नाही.

मोलस्कम हा देवी रोगाच्या विषाणूकुळातला एक सौम्य विषाणू आहे. लहान मुलांच्या अंगावर मध्ये खळगा असलेले, मोत्याच्या रंगाचे, दोन ते पाच मिलिमीटरचे दाणे उठतात ते त्याचेच. प्रौढाच्या चेहऱ्यावर असे दाणे एकदम बरेच उठले किंवा एखादा दाणा एक सेंटिमीटरहून मोठा झाला, तर प्रतिकारशक्ती खालावल्याची ती खूण असू शकते. इथे एक धोक्याचे वळण आहे. क्रिप्टोकॉकस आणि हिस्टोप्लाझ्मा या बुरशी रक्तातून पसरून त्वचेवर आल्या की हुबेहूब असेच खळगेदार दाणे उठवतात, आणि त्या बुरशीचा आजार जीवघेणा असतो. म्हणून केमोच्या रुग्णातले ‘मोलस्कम’ नुसत्या नजरेने मोलस्कम ठरवू नये.

चामखिळींबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. केमोच्या काळात त्या संख्येने वाढतात, हट्टी होतात, आणि क्वचित त्यांतला एक प्रकार छातीवर-मानेवर शिब्यांसारख्या फिकट चपट्या डागांच्या रूपात येतो व बुरशीचे मलम लावूनही जात नाही. मात्र आपल्याकडे चामखिळीला बिब्बा लावण्याची, चुना-सोडा लावण्याची किंवा घोड्याच्या केसाने ती आवळून बांधण्याची चाल आहे, तिच्याबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. बिब्ब्याचे तेल निरोगी कातडीलाही भाजून काढते. पेशी आणि प्लेटलेट दोन्ही कमी असलेल्या माणसाच्या अंगावर अशी भाजलेली जागा म्हणजे जिवाणूंना उघडे दार असते, आणि पिचलेली चामखीळ रक्तस्रावही करते. चामखीळ केमो संपेपर्यंत तशीच राहिली तर बहुतेक वेळा काहीही बिघडत नाही.

या सगळ्यांत सर्वांत दुर्मीळ आणि वाचकाने कदाचित कधीच न ऐकलेला आजार म्हणजे ट्रायकोडिस्प्लेझिया स्पायन्युलोझा. नाकावर, भुवयांवर, कपाळावर आणि कानांवर बारीक, त्वचेच्याच रंगाचे दाणे येतात आणि प्रत्येक दाण्यातून गव्हाच्या कुसळासारखा टोकदार पांढरट काटा बाहेर येतो. भुवयांचे केस गळतात, नाकाची कातडी जाड होते. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांत आणि रक्ताचा कर्करोग किंवा लिम्फोमा यांच्यासाठी केमो घेणाऱ्यांत हा आजार आढळतो. १९९० च्या दशकात त्याची वर्णने येऊ लागली तेव्हा हा औषधाचाच दुष्परिणाम असावा असा तर्क होता. त्याच्यामागचा पॉलिओमा कुळातला विषाणू २०१० मध्ये नेदरलँड्समध्ये, हृदय प्रत्यारोपण झालेल्या १५ वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावरील काट्यांमधून ओळखला गेला. आश्चर्य असे की बहुसंख्य निरोगी प्रौढांच्या रक्तात या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात, म्हणजे तो आपल्यापैकी अनेकांच्या शरीरात नकळत येऊन राहिलेला असतो. काटे उगवतात ते पहारा उठल्यावरच. केमोमुळे केस व भुवया तशाही जातात, त्यामुळे याकडे दुर्लक्ष होणे सोपे आहे. आजार जिवावरचा नाही. प्रतिकारशक्ती सुधारली की तो ओसरतो, आणि गरज पडल्यास सिडोफोविरचे मलम किंवा व्हॅलगॅन्सिक्लोविरच्या गोळ्या दिल्या जातात.

गोठ्यातून येणारे विषाणू

शहरी माहितीपत्रकांत हा भाग सहसा नसतो. आपल्या भागासाठी मात्र तो महत्त्वाचा आहे असे मला वाटते. धाराशिव जिल्ह्याने देशाला उस्मानाबादी शेळी दिली आणि आज मराठवाड्यातल्या कोरडवाहू कुटुंबांत दोन-चार शेळ्या नसलेले घर विरळा. केमो चालू असला तरी शेळ्यांचे पाणी-वैरण थांबत नाही आणि ते काम बहुधा घरात थांबलेल्या माणसाकडेच, म्हणजे रुग्णाकडेच, येते.

शेळ्या-मेंढ्यांच्या, विशेषतः करडांच्या, ओठांवर आणि हिरड्यांवर खरबरीत खपल्यांचे फोड येतात तो मावा हा आजार ऑर्फ नावाच्या विषाणूमुळे होतो. अशा करडाला बाटलीने दूध पाजताना, तोंड उघडून औषध पाजताना किंवा बोकड कापताना बोटाला बारीक चीर असेल तर विषाणू माणसाच्या त्वचेत शिरतो. काही दिवसांनी तिथे लाल गाठ येते, ती मध्ये पांढरट व कडेने लाल होते, ओलसर होते आणि निरोगी माणसात सहा ते आठ आठवड्यांत आपोआप जाते. केमोच्या रुग्णात तीच गाठ कित्येक सेंटिमीटरची होते, फुलकोबीसारखी वाढते, कापून काढली तरी परत येते, आणि कर्करोग हाताला लागला की काय या धास्तीने घर हादरून जाते. अशा वेळी शेळ्यांशी आलेला संबंध डॉक्टरांना आपणहून सांगणे फार मोलाचे ठरते. शहरातल्या तज्ज्ञाला तो प्रश्न सुचेलच याची खात्री नसते, आणि निदान कळले तर बोट वाचवता येते. इमिक्विमोड किंवा सिडोफोविरच्या मलमांनी अशा गाठी गेल्याची उदाहरणे आहेत. माव्याच्या वाळलेल्या खपल्यांत विषाणू महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून करडे बरी झाली तरी गोठ्याची झाडलोट रुग्णाने करू नये.

गाई-म्हशींच्या सडांवरून दूध काढणाऱ्याच्या हातावर येणारी गाठ हा ऑर्फचाच जवळचा नातलग विषाणू उठवतो. म्हशींच्या देवीचा विषाणू याहून वेगळा आहे. तो देवीची लस ज्यापासून बनवत त्या विषाणूच्या गोतातला आहे. २००९ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात सोलापूर आणि कोल्हापूर जिल्ह्यांत म्हशींबरोबर माणसांतही त्याची साथ आली होती, आणि सोलापूर म्हणजे धाराशिव-लातूरचा शेजारच. १९८० मध्ये देवी रोगाचे जगातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने जाहीर केले; त्याच सुमारास लसीकरण थांबले. त्यामुळे आज चाळिशीच्या आतल्या माणसाला या कुळातल्या विषाणूंविरुद्ध कोणतेही संरक्षण नाही. देवीच्या लसीच्या काळात रक्ताचा कर्करोग असलेल्यांना ती टोचली गेली तर टोचलेल्या जागेची जखम पसरत जाऊन प्राणावर बेतत असे, हे वैद्यकाला ठाऊक आहे. या गोतातल्या विषाणूंकडे केमोच्या काळात गंभीरपणे का पाहायचे, याचे उत्तर त्या अनुभवात आहे. म्हशीच्या सडांवर फोड दिसत असतील तर धार दुसऱ्याने, हातमोजे घालून काढावी. २०२२ मध्ये राज्यात थैमान घातलेल्या लम्पीची मात्र माणसाला भीती नाही, कारण तो विषाणू जनावरांतून माणसांत येत नाही.

कोरी त्वचा

सुरुवातीला म्हटल्याप्रमाणे पुरळ हे बऱ्याच अंशी शरीराच्या प्रतिकाराचे फळ असते, आणि याचा सर्वांत ठळक पुरावा म्हणजे पुरळ न उठणारे आजार. गोवराचे पुरळ टी-पेशी विषाणूग्रस्त पेशींवर हल्ला करतात तेव्हा उमटते. टी-पेशीच नसतील तर ताप आणि खोकला येतो, फुप्फुसाला गंभीर सूज येते, पण अंगावर काहीच दिसत नाही. पार्व्होव्हायरस बी-१९ या विषाणूचे पुरळ आणि सांधेदुखी प्रतिपिंडे तयार झाल्यावर दिसते. केमोच्या रुग्णात प्रतिपिंडेच तयार होत नाहीत आणि विषाणू अस्थिमज्जेतल्या लाल पेशींच्या जननपेशी मारत राहतो. हिमोग्लोबिन वारंवार खाली येते, रक्त चढवावे लागते, आणि सगळे केमोच्या खात्यावर मांडले जाते. घरातल्या मुलाला पुरळाचा आजार झाला आणि रुग्णाला ‘नुसताच ताप’ आला, तर तो संबंध सांगितला पाहिजे.

याची दुसरी बाजूही कधीकधी पाहायला मिळते. डोस थांबून पेशी वर येऊ लागल्या की इतके दिवस शांत असलेले मोलस्कमचे दाणे अचानक लाल होतात, सुजतात, दुखतात. रुग्णाला वाटते आजार चिघळला. प्रत्यक्षात तो जाण्याच्या मार्गाला लागलेला असू शकतो.

नजरेवर विसंबता येत नाही, मग काय करायचे

केमोच्या काळात त्वचेवर उठणारी प्रत्येक गोष्ट विषाणूची नसते, किंबहुना बहुतेक वेळा ती औषधाचीच असते. कॅपेसिटाबिनने तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात; सेटुक्सिमॅब, एर्लोटिनिब यांसारख्या औषधांनी पहिल्या एक-दोन आठवड्यांत चेहऱ्यावर-छातीवर मुरमांसारख्या पुळ्या उठतात. याउलट पेशी तळाला असताना ताप आणि मध्यभागी झपाट्याने काळा पडणारा एखादाच चट्टा दिसला तर ते रक्तात पसरलेल्या जिवाणूचे लक्षण असू शकते व त्यात तासांचा हिशेब असतो. रक्ताचा कर्करोग स्वतःही त्वचेत गाठींच्या रूपाने उतरतो. हे सारे डोळ्यांनी वेगळे करणे अनुभवी त्वचारोगतज्ज्ञालाही जड जाते.

सुदैवाने पहिली तपासणी साधी आणि स्वस्त आहे. ताज्या फोडाचा तळ खरवडून काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. अनेक केंद्रके असलेल्या मोठ्या पेशी दिसल्या की आजार हर्पिस-नागिणीच्या कुळातला आहे हे कळते. आर्नो त्सँक यांनी १९४७ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या त्वचाविभागांत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात, लातूरला, अंबाजोगाईला किंवा नांदेडला, ती करता येण्याजोगी आहे. हर्पिस की नागीण हे त्यातून वेगळे होत नाही. त्यासाठी स्वॅबची पीसीआर तपासणी लागते. फोड नसून गाठ, काटा किंवा जुनी जखम असेल, तर तुकडा काढून तपासण्याला पर्याय नाही. कर्करोगाच्या रुग्णाला बायोप्सी म्हटले की धडकी भरते, पण त्वचेचा तीन-चार मिलिमीटरचा तुकडा काढणे जागा बधिर करून काही मिनिटांत होते. त्याआधी प्लेटलेट पाहून घेतात, इतकेच. तपासणीच्या दिवशी त्या जागेवर हळद, गेरू, मलम काहीही लावलेले नसावे.

हर्पिस आणि नागीण या दोहोंवरचे मुख्य औषध असायक्लोविर. ते ज्या प्रयोगशाळेत घडले तिथल्या संशोधक गरट्रूड एलियन यांना १९८८ चे नोबेल पारितोषिक वाटून मिळाले. औषधाची खुबी अशी की ते पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते आणि विषाणूच्याच एका विकराने (एन्झाइमने), थायमिडिन कायनेजने, त्याला चेतवल्याशिवाय काम करत नाही. त्यामुळे ते विषाणू शिरलेल्या पेशींतच जागे होते आणि निरोगी पेशी बव्हंशी सुटतात. याच खुबीत त्याची उणीवही दडलेली आहे, कारण त्या विकरात बदल झालेला विषाणू औषधाला दाद देत नाही. निरोगी माणसांत असे शेकड्यात एकापेक्षाही कमी वेळा घडते. प्रतिकारशक्ती नसलेल्यांत विषाणू दीर्घकाळ वाढत राहिल्याने ते कितीतरी अधिक वेळा घडते, आणि मग फॉस्कार्नेटसारखे मूत्रपिंडांना जड जाणारे औषध वापरावे लागते. आठ-दहा दिवस पूर्ण मात्रेत औषध घेऊनही जखम भरत नसेल, तर तोच डोस वाढवत न बसता ही शक्यता तपासावी.

पसरलेली नागीण, डोळ्याजवळची नागीण किंवा पेशी फारच कमी असताना उठलेली नागीण यांवर गोळ्यांनी भागत नाही. दर आठ तासांनी वजनाच्या हिशेबाने शिरेतून औषध द्यावे लागते आणि त्यासाठी भरती व्हावे लागते. हे औषध घाईने सोडले किंवा अंगात पाणी कमी असेल तर त्याचे स्फटिक मूत्रपिंडात साचतात, म्हणून ते तासाभरात सावकाश आणि भरपूर सलाइनसोबत देतात. सिस्प्लॅटिन किंवा मेथोट्रेक्सेट घेतलेल्या रुग्णाचे मूत्रपिंड आधीच ताणाखाली असते. तालुक्याच्या दवाखान्यात ही भरती होत असेल तर केमोची फाइल आणि शेवटचे रक्ताचे रिपोर्ट सोबत न्यावेत, ते याच कारणासाठी. पुढचा केमो लांबवायचा की नाही, हा निर्णय कर्करोगतज्ज्ञाचा. सामान्यतः फोड खपलीवर येईपर्यंत थांबतात, परंतु काही कर्करोगांत थांबणे अधिक महागात पडते. म्हणून घरच्यांनी परस्पर तारीख चुकवू नये आणि फोड लपवून डोस घ्यायलाही जाऊ नये.

एका गोष्टीबद्दल मात्र कोणतीही सवलत देता येणार नाही. मेडिकल दुकानांत चिठ्ठीशिवाय सहज मिळणाऱ्या, खाज, गजकर्ण आणि पुरळ या सगळ्यांवर एकच म्हणून खपणाऱ्या मिश्र मलमांत बहुधा क्लोबेटासोलसारखे जोरकस स्टेरॉइड असते. ते लावताच लाली आणि आग कमी होते, कारण उरलासुरला प्रतिकारही ते दाबून टाकते. विषाणूला याहून सोयीचे काही नाही, आणि चार दिवसांनी रुग्ण दवाखान्यात पोचतो तेव्हा खरे चित्र पुसले गेलेले असते. नागिणीवर असायक्लोविरचे नुसते मलम लावणेही व्यर्थ आहे. विषाणू मज्जातंतूत असताना कातडीवरचे औषध तिथवर पोचत नाही.

ऊसतोडीच्या हंगामात बीडकडची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यांवर जातात, आणि केमोवरचा माणूस कधी गावी एकटा मागे राहतो, तर कधी फडावरच्या कोपीत सोबत असतो. अशा परिस्थितीत रुग्णालयाचा फोन नंबर आणि मोबाइलवरचा फोटो हाच दुवा उरतो. फोटो पाठवायचा तर दिवसाच्या उजेडात एक जवळून आणि एक संपूर्ण भाग दिसेल असा लांबून काढावा, आणि सोबत शेवटचा डोस कोणत्या तारखेला झाला, पुरळ कधी उठले, दुखते की खाजते, ताप किती आहे, घरात कोणाला पुरळ आहे का आणि जनावरांशी संबंध आला का, एवढे लिहावे. १०१ अंश फॅरनहाइट ताप, धाप, डोळ्याजवळचे फोड, झोपाळल्यासारखे वागणे किंवा असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही असेल, तर फोटोच्या उत्तराची वाट न पाहता जवळच्या मोठ्या रुग्णालयात जावे.

लसीचा विचार केमो सुरू होण्याआधीच करायला हवा. नागिणीची नवी लस जिवंत विषाणूची नाही, त्यातल्या केवळ एका प्रथिनाची आहे. त्यामुळे प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनाही ती देता येते. भारतात ती २०२३ पासून उपलब्ध आहे, दोन मात्रांत घ्यावी लागते आणि तिची किंमत सामान्य शेतकरी कुटुंबाला जड जाणारी आहे. कांजिण्यांची आणि गोवराची लस जिवंत विषाणूची असल्याने केमो चालू असलेल्या माणसाला ती देत नाहीत. मात्र घरातल्या मुलांना त्या वेळापत्रकाप्रमाणे जरूर द्याव्यात, म्हणजे विषाणू उंबरा ओलांडून आत येण्याची एक वाट बंद होते. ज्यांना प्रतिबंधक असायक्लोविर लिहून दिले आहे त्यांनी शेवटचा केमो झाला म्हणून ते आपल्या मनाने बंद करू नये. केस परत उगवतात, तोंडाला चव येते, माणूस शेतावर जाऊ लागतो, तरी टी-पेशींची भरपाई अपुरीच असते, आणि नागिणीच्या पुष्कळ रुग्णांना ती उपचार संपल्यानंतरच्या याच महिन्यांत गाठते.